कान टवकारलेला कुत्रा आणि इंग्रजी इडियम्स: मोठ्या माणसाने प्राण्यांच्या गोष्टी वाचाव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा होता: वय तिशीच्या पुढे, इंग्रजी वाचताना अडखळायला होतं, शब्दांच्या याद्या तीनदा पाठ करून तीनदा विसरून झाल्या, इडियम्सचं, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारांचं, जाडजूड पुस्तक आणलं ते दहाव्या पानाच्या पुढे गेलं नाही, आणि आता कोणीतरी सांगितलंय की प्राण्यांच्या गोष्टी इंग्रजीतून वाच. तर याने खरंच व्होकॅब्युलरी वाढते का नुसता टाइमपास होतो, आणि करायचंच तर कसं करायचं.

वाढते. मी गेली वीसेक वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतेय, नोकरी करणारे, घर सांभाळणारे, एक आजोबा तर नातवाशी बोलता यावं म्हणून यायचे, आणि यातल्या बहुतेकांना मी सुरुवातीला प्राण्यांच्याच गोष्टी दिल्यात. पहिल्या दिवशी सगळ्यांचं तोंड वाकडं होतं, आम्ही काय बालवाडीत आलोय का म्हणून. पण मी त्या सोप्या असतात म्हणून देत नाही बरं का, खरं तर लहान मुलांच्या गोष्टीतलं इंग्रजी काही वेळा पेपरपेक्षा अवघड असतं, 'स्नाउट' (प्राण्याचं पुढे आलेलं नाक), 'बरो' (बीळ), 'वॉडल' (बदकासारखं डुलत चालणं) असले शब्द ऑफिसात आयुष्यभर कानावर पडत नाहीत. मी देते त्याचं कारण वेगळंय आणि ते समजलं की बाकीचं आपोआप जमतं.

कारण हे, की इडियममधलं चित्र माणसांच्या गोष्टीत फक्त बोलण्यात येतं, प्राण्याच्या गोष्टीत ते खरंच घडतं. पेपरात 'टेल बिटवीन लेग्ज' असं एखाद्या मंत्र्याबद्दल लिहिलं की तुम्ही डिक्शनरी काढून अर्थ पाठ करता, चार दिवसांनी विसरता. गोष्टीतल्या कुत्र्याला मात्र खरंच शेपूट असते आणि तो खरंच ती पायात घालून जातो, तुम्हाला ते दिसतं, आणि मग त्या मंत्र्याला शेपूट लावायचं काम तुमचं डोकं स्वतःच करतं. शिवाय मराठीत आपण हेच म्हणतो की हो, शेपूट घातली. म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं असतं.

एक नमुना देते, मीच वर्गासाठी लिहिलेला तुकडा आहे, ऐंशीच्या आसपास शब्द. मोठ्याने वाचा.

'द ओल्ड डॉग वॉज फास्ट अस्लीप बाय द गेट. अ थिन कॅट क्रेप्ट पास्ट हिम. शी हॅड हर आय ऑन द फिश इन द किचन. लेट स्लीपिंग डॉग्ज लाय, शी टोल्ड हरसेल्फ. बट अ क्रो ऑन द वॉल सॉ हर अँड बिगॅन टु कॉ. द डॉग प्रिक्ड अप हिज इअर्स अँड ग्राउल्ड. द कॅट फ्रोझ. देन शी टर्न्ड, आर्च्ड हर बॅक अँड हिस्ड, अँड द डॉग वेंट बॅक टु द गेट विथ हिज टेल बिटवीन हिज लेग्ज. द क्रो, मीनव्हाइल, हॅड द फिश.'

गोष्ट कळली ना? म्हातारा कुत्रा गाढ झोपलाय, मांजर गुपचूप त्याच्या बाजूने सटकतेय, माशावर डोळा आहे तिचा, कावळ्याने काव काव करून बोंब मारली, कुत्र्याने कान टवकारले आणि गुरगुरला, मांजर जागच्या जागी थिजली, मग उलटी फिरून पाठीची कमान करून फिसकारली, कुत्रा शेपूट घालून परत गेला, आणि या गडबडीत मासा कावळ्याने पळवला. आता मी मराठीत सांगताना काय काय वापरलं बघा, डोळा असणं, कान टवकारणं, शेपूट घालणं, थिजणं, हे सगळं आपल्याकडे आहेच. इंग्रजी इडियम म्हणजे काहीतरी परकं कोडं अशी जी भीती असते ती इथे निम्मी जाते.

आता यातल्या एकेका तुकड्यावर थांबू.

'फास्ट अस्लीप'. यात फास्ट म्हणजे वेगात नाही. फास्टचा जुना अर्थ घट्ट, पक्का असा आहे, म्हणून बांधून टाकणं म्हणजे 'फासन', आणि चटकन न जाणारा रंग म्हणजे 'फास्ट कलर'. हे एकदा कळलं की गाढ झोप आणि न जाणारा रंग एकाच दोरीला बांधले जातात आणि मग विसरायला होत नाही. यादीत 'फास्ट म्हणजे जलद' एवढंच लिहिलेलं असतं, तिथेच घोळ होतो.

'हॅड हर आय ऑन द फिश'. हे आपल्या 'डोळा असणं'शी तंतोतंत जुळतं, म्हणजे ती गोष्ट मिळवायची इच्छा असणं. पण याच्या शेजारीच 'कीप ॲन आय ऑन' आहे, तिथे डोळा ठेवणं म्हणजे नजर ठेवणं, लक्ष ठेवणं. माझ्या एका विद्यार्थ्याने शेजाऱ्यांना लिहिलं होतं की तुम्ही गावाला जा, आय हॅव माय आय ऑन युअर हाउस. त्याला म्हणायचं होतं मी घराकडे लक्ष ठेवतो, वाचणाऱ्याला वाटलं याचा घरावर डोळा आहे. एका क्रियापदाचा फरक.

'लेट स्लीपिंग डॉग्ज लाय'. झोपलेल्या कुत्र्याला झोपू द्या, म्हणजे जुनं शांत झालेलं प्रकरण उकरून काढू नका. मांजरीच्या तोंडी ते शब्दशः खरंय, कुत्रा समोर झोपलाय, आणि तीच गंमत आहे. 'लाय' म्हणजे इथे पडून राहणं, खोटं बोलणं नाही, वर्गात दर वेळी कोणीतरी 'झोपलेले कुत्रे खोटं बोलतात' असा अर्थ लावतंच आणि मग दहा मिनिटं हसण्यात जातात. ती दहा मिनिटं मी वाया गेली असं मानत नाही कारण हसलेला इडियम कोणी विसरत नाही.

आणि मग 'क्रेप्ट', 'ग्राउल्ड', 'फ्रोझ', 'हिस्ड'. इथे माझं एक ठाम मत सांगते, याद्यांमधून लोक नामं शिकतात आणि अडतात ते क्रियापदांवर. प्राण्यांच्या गोष्टी क्रियापदांनी भरलेल्या असतात कारण प्राणी सारखे काहीतरी करत असतात, दबकत जातात, झडप घालतात, गुरगुरतात, आणि हीच क्रियापदं इंग्रजीत माणसांना, पैशाला, ट्रॅफिकला सगळ्याला लागतात. किमती हळूहळू वाढल्या की 'प्रायसेस क्रेप्ट अप', कंप्युटर अडकला की 'फ्रोझ', कोणी चूक सापडताच तुटून पडला की 'पाउन्स्ड ऑन द मिस्टेक', वाहनं मुंगीच्या पावलाने चालली की 'ट्रॅफिक क्रॉल्ड'. म्हणून गोष्टीत 'स्नाउट' म्हणजे नक्की कुठलं नाक हे बघायला डिक्शनरी उघडली नाहीत तरी चालेल, पण क्रियापद सोडू नका.

याच्याही पुढची पायरी म्हणजे प्राण्याचं नावच क्रियापद होतं. ही इंग्रजीची खोडच आहे. 'टु पॅरट' म्हणजे पोपटपंची करणं, 'टु एप' म्हणजे नक्कल करणं, 'टु वुल्फ डाउन' म्हणजे बकाबका खाणं, 'टु डॉग' म्हणजे पाठ न सोडणं, संकटं माणसाला डॉग करतात, 'टु बॅजर' (बॅजर हा बिळात राहणारा एक प्राणी) म्हणजे मागे लागून भंडावून सोडणं, 'टु स्क्विरल अवे' म्हणजे खारीसारखं थोडं थोडं साठवून लपवून ठेवणं, 'टु डक' म्हणजे पटकन खाली वाकणं किंवा प्रश्न टाळणं, इथे मात्र उलटं झालंय, बदकालाच नाव त्या क्रियापदावरून पडलं. यात प्राणी कसा वागतो हे डोळ्यासमोर आणलं की अर्थ बऱ्याचदा अंदाजाने लागतो. बऱ्याचदा म्हणतेय, कायम नाही. 'बॅजर' घ्या, त्यात छळ करणारा बॅजर नाही, पूर्वी कुत्रे त्या बिचाऱ्याच्या अंगावर सोडून त्याला छळायचे त्यावरून तो शब्द आला असं मानतात. आणि 'काउड' म्हणजे दबलेला, घाबरवून गप्प केलेला, याचा गाईशी काही संबंध नाही, उच्चार सारखा आहे इतकंच.

आता गोष्ट कुठली निवडायची. माझं उत्तर: जी मराठीत तोंडपाठ आहे ती. इसापच्या गोष्टींपासून सुरुवात करा. कोल्हा आणि द्राक्षं, लांडगा आला रे आला, मांजराच्या गळ्यात घंटा, सोन्याचं अंडं देणारी कोंबडी, इंग्रजीत कोंबडीची हंसी होते एवढाच फरक. शब्दसंग्रह कसा वाढतो याच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या पॉल नेशन या भाषातज्ज्ञांनी सहकाऱ्याबरोबर २००० साली एक अभ्यास मांडला होता, त्याचा सारांश असा की मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत दोन अनोळखी. नवशिक्याला असा मजकूर सापडणं मुश्किल. पण गोष्ट आधीच माहीत असली की शंभरात सात आठ शब्द अडले तरी गाडी थांबत नाही, कारण पुढे काय होणार हे तुम्हाला माहितीय आणि शब्द त्या जागेवर आपोआप बसतो. ही पळवाट आहे, पण चालते.

एक धोका मात्र आहे. नेटवर फुकट मिळणाऱ्या इसापच्या गोष्टी बऱ्याचदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या भाषांतरातल्या असतात, कॉपीराइट संपलेला म्हणून त्या सगळीकडे फिरतात. त्यात 'दाऊ', 'बिहोल्ड', 'क्वोथ' असलं इंग्रजी असतं. ते शिकून ऑफिसात बोललात तर लोक वळून बघतील. आजच्या भाषेत सांगितलेली, शक्यतो ऐकायला ऑडिओ असलेली आवृत्ती घ्या. आणि 'एका गोष्टीत पन्नास इडियम्स' असला प्रकार दिसला तर लगेच बंद करा, प्लीज. असं कोणी बोलत नाही. ते म्हणजे पूर्ण जेवणात नुसतं मीठ.

ओळखीच्या गोष्टींचा एक सापळा पण सांगून ठेवते, गोष्ट तीच असली तरी इडियमची धार दोन भाषांत थोडी वेगळी असते. 'क्राय वुल्फ'मध्ये क्राय म्हणजे रडणं नाही, ओरडणं आहे, त्यामुळे 'लांडगा रडला' असं भाषांतर करू नका, मी पाहिलंय केलेलं. 'सावर ग्रेप्स' लोक साध्या मत्सरालाही वापरतात, पण कोल्ह्याने काय केलं ते आठवा, मिळालं नाही म्हणून त्या वस्तूलाच नावं ठेवली. दुसऱ्याला प्रमोशन मिळालं आणि तुम्हाला वाईट वाटलं हे सावर ग्रेप्स नाही. 'त्या पोस्टला काही अर्थच नाही, मला नकोच होती' हे सावर ग्रेप्स. आणि 'लायन्स शेअर'. मराठीत आपण 'विजयात तिचा सिंहाचा वाटा' असं कौतुकाने म्हणतो, गोष्टीत मात्र सिंह दमदाटी करून सगळी शिकार स्वतःच लाटतो. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ सगळं नाही, सगळ्यात मोठा भाग असा आहे, मेहनतीचा असेल, पैशाचा असेल, आणि दर वेळी त्यात कौतुक असतंच असं नाही.

मग मराठीशी न जुळणारे प्राणी येतात आणि इथे खरी मजा आहे. इंग्रजी गोष्टीत घुबड शहाणं, चष्मा लावून सल्ला देणारं, आपल्याकडे घुबड दिसलं की लोक तोंड फिरवतात. इंग्रजीत कोणाला 'चिकन' म्हटलं तर तो भित्रा, आपला भित्रा ससा असतो. 'पिगहेडेड' म्हणजे हट्टी. गोगलगाय इंग्रजीत फक्त हळू चालते, 'ॲट अ स्नेल्स पेस', आपली गोगलगाय पोटात पाय लपवून बसलेली असते, तिला इंग्रजीत न्यायचं तर 'वुल्फ इन शीप्स क्लोदिंग', मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा, जवळचं, पण तो लांडगा जास्त घातक आहे. 'आय स्मेल अ रॅट'ला मराठीत उंदीर लागतच नाही, आपण म्हणतो कुठेतरी पाणी मुरतंय. आणि माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे 'डोंट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ'. घोड्याचं वय दातावरून कळतं, फुकट मिळालेल्या घोड्याचे दात बघू नये. आपण काय म्हणतो? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. दोन लांबच्या भाषा, वेगळे प्राणी, आणि दोघांचंही लक्ष दातांवरच! हे वाचून एक बाई वर्गात टाळ्या वाजवायला लागल्या होत्या.

वही ठेवायची तर अशी ठेवा. इडियमसमोर नुसता अर्थ लिहू नका, कोणत्या प्राण्याने कुठे काय केलं ते एका ओळीत लिहा, आणि खाली त्याच आठवड्यात तुमच्याच घरात किंवा ऑफिसात घडलेल्या खऱ्या प्रसंगावर एक वाक्य. मराठीत हुबेहूब जोडी असेल तर ती लिहा, अर्धीच जुळत असेल तर फरक लिहा. एका गोष्टीतून तीन, फार तर चार. जास्त हावरटपणा केलात की परत तीच यादी तयार होते जिच्यापासून पळून आलात.

वाचन मात्र तीनदा तरी. पहिल्यांदा न थांबता, डिक्शनरी बाजूला. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि खुणा एकेका शब्दाला नाही तर शब्दांच्या झुपक्याला करायच्या, 'प्रिक्ड'ला नाही, 'प्रिक्ड अप हिज इअर्स' एवढ्या सगळ्याला. तिसऱ्यांदा ऐकत ऐकत. मग दोन दिवस सोडा, परत बघा, मग आठवड्याने बघा. आपण पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतो हे हरमन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलंय, तेव्हा तीनदा विसरलात यात तुमच्या बुद्धीचा दोष काही नाही, मधल्या उजळणीचा आहे.

आणि सगळ्यात कामाचं, जे कोणी करत नाही: गोष्ट दुसऱ्या प्राण्याच्या तोंडून सांगायची. मोठ्याने, एकटं असताना, लाज वाटत असेल तर दार लावून. वरचा तुकडा कावळा सांगतोय असं समजा. 'आय वॉज ऑन द वॉल. आय सॉ अ थिन कॅट क्रीप पास्ट द डॉग. आय हॅड माय आय ऑन द फिश टू.' बघा काय झालं, हर आय चं माय आय झालं, 'क्रेप्ट'चं 'सॉ' नंतर 'क्रीप' झालं, कोणी ग्रामर शिकवलं नाही. मग कुत्रा सांगेल, तो तर खोटंच सांगेल, मी काही घाबरलो नव्हतो म्हणेल, मग त्याच्यासाठी नकारार्थी वाक्यं. ते आजोबा या खेळात इतके रंगायचे की कुत्र्याची बाजू घेऊन भांडायचे. सहा महिन्यांनी नातवाने त्यांना फोनवर काहीतरी टोमणा मारला तर म्हणाले, 'आय डिड नॉट गो विथ माय टेल बिटवीन माय लेग्ज!' वाक्य अगदी बरोबर.

शब्द बदलायचा मोह टाळा. 'किल टू बर्ड्ज विथ वन स्टोन', आपलं एका दगडात दोन पक्षी, यात किलचं किल्ड करा, काळ बदला, पण पक्षी आणि दगड तसेच राहू देत. काही इडियम वाकतात, 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' (गुपित फोडणं) आणि 'द कॅट इज आउट ऑफ द बॅग' दोन्ही चालतं. कुठला वाकतो कुठला नाही याला नियम नाही, वाचून वाचून कान तयार होतो.

कोणासमोर काय बोलायचं हेही गोष्टीतूनच बघा, कोण प्राणी कोणाला म्हणतोय. 'होल्ड युअर हॉर्सेस' म्हणजे जरा दमानं घ्या, ते मित्राला ठीक, साहेबाला नाही, एकीने क्लायंटच्या मीटिंगमध्ये म्हटलं आणि नंतर मला विचारत होती की सगळे गप्प का झाले. इंटरव्ह्यूत स्वतःला 'डार्क हॉर्स' म्हणू नका. घोड्यांच्या शर्यतीतला शब्द आहे, बेंजामिन डिझरायली या ब्रिटिश राजकारणी लेखकाच्या १८३१ च्या एका कादंबरीत तो सापडतो, कोणाच्या गणतीत नसलेला घोडा अचानक पुढे निघून जातो. हे दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल म्हणायचं असतं.

प्राण्यांच्या कळपांची नावं पाठ करायची का, असाही एक उपप्रश्न होता. 'हर्ड' (गुरांचा), 'फ्लॉक' (पक्ष्यांचा, मेंढ्यांचा), 'पॅक' (लांडग्यांचा, कुत्र्यांचा), 'स्वॉर्म' (माश्यांचा, कीटकांचा) एवढी पुरे. कावळ्यांच्या थव्याला 'मर्डर' म्हणतात वगैरे क्विझला ठीक आहे, बोलण्यात कोणी वापरत नाही.

आणि शेवटचं, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. तुम्ही विचारलंय की हा तर सगळ्यात फेमस इडियम, यापासून सुरुवात करू का. नको. कळायला हवा, पण आता तो बोलण्यात फारसा ऐकू येत नाही, शाळेच्या पुस्तकातला वाटतो. धो धो पाऊस असेल तर सरळ 'इट्स पोअरिंग' म्हणा.